मतांची मोजणी आणि प्रतिनिधित्व : सिनसिनाटी शहराच्या नगरशासनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास करताना आपले लक्ष सामान्यतः अधिकारांच्या विभागणीकडे जाते. महापौर श्रेष्ठ की प्रशासक, करवसुलीचा अधिकार कोणाला, राज्य शासनाचे नियंत्रण किती, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न उभा असतो व त्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. तो म्हणजे, नागरिकांनी दिलेली मते कोणत्या पद्धतीने मोजली जातात? मतदार तेच, उमेदवार तेच आणि शहरही तेच असताना केवळ मोजणीचा नियम बदलल्यामुळे सभागृहातील चेहरे बदलू शकतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातील सिनसिनाटी या मध्यम आकाराच्या शहराचा इतिहास याची साक्ष देतो.

ओहायो नदीच्या काठी वसलेल्या या शहराची लोकसंख्या १९२० मध्ये सुमारे ४ लाख होती. १९५० मध्ये ती ५ लाखांवर गेली आणि २०२० च्या जनगणनेत ३ लाख ९ हजारांच्या आसपास नोंदली गेली. या शहराने १९२४ मध्ये एक नवी सनद स्वीकारली. तिचे दोन आधारस्तंभ होते : तज्ज्ञ नगर व्यवस्थापक आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व. यांपैकी पहिला स्तंभ आजही उभा आहे. दुसरा १९५७ मध्ये पाडण्यात आला. एकाच सुधारणेचा एक भाग टिकला व दुसरा का टिकला नाही, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

सुधारणापूर्व काळ : पक्षयंत्राचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अनेक शहरांचा कारभार निवडून आलेल्या महापौरांपेक्षा पक्षाच्या पडद्याआडच्या सूत्रधारांच्या हाती होता. अशा सूत्रधारास तेथे ‘बॉस’ म्हणत. सिनसिनाटीत १८८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पाव शतक हे स्थान रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बी. कॉक्स यांच्याकडे होते. मद्यगृहाचे मालक म्हणून सार्वजनिक जीवनात आलेल्या कॉक्स यांनी प्रभागनिहाय कार्यकर्त्यांचे जाळे विणले. नोकऱ्या, कंत्राटे व परवाने यांचे वाटप या जाळ्यातून होत असे. लिंकन स्टिफन्स या ख्यातनाम पत्रकाराने १९०५ मध्ये ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात ओहायोतील दोन शहरांवर लिहिले, तेव्हा क्लीव्हलँडचे कौतुक आणि सिनसिनाटीची निर्भर्त्सना केली.

कॉक्स १९१६ मध्ये निवर्तले, परंतु यंत्र चालूच राहिले. त्यांचे उत्तराधिकारी रुडॉल्फ हायनिका यांचा बराचसा मुक्काम नाट्यव्यवसायाच्या निमित्ताने न्यूयॉर्कमध्ये असे व शहराचा कारभार ते दुरून हाकीत. त्या वेळी नगर कौन्सिलमध्ये ३२ सदस्य असत : २६ प्रभागांतून व ६ संपूर्ण शहरातून. १९२० च्या दशकाच्या आरंभी या ३२ पैकी ३१ जागा एकाच पक्षाकडे होत्या. विरोधी पक्षाला शहरात मते नव्हती असे मुळीच नाही. ती मते प्रभागाप्रभागांत विखुरली जात आणि प्रत्येक प्रभागात पराभूत होत.

१९२४ ची सनद : स्वरूप व कार्यपद्धती

सुधारणेची कायदेशीर वाट १९१२ मध्येच खुली झाली होती. त्या वर्षी ओहायो राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन शहरांना आपली सनद आपणच तयार करण्याचा अधिकार मिळाला. याच राज्यातील डेटन शहराने १९१३ च्या महापुरानंतर नगर व्यवस्थापक पद्धती स्वीकारली आणि ती देशभर गाजली.

सिनसिनाटीत ठिणगी पडली ती करवाढीच्या निमित्ताने. ऑक्टोबर १९२३ मध्ये मरे सीझनगुड या वकिलाने नियोजित जादा कराविरुद्ध जाहीर भाषण केले. रस्ते उखडलेले व तिजोरी रिकामी असताना आणखी पैसा मागण्याचा अधिकार या प्रशासनास नाही, हा त्यांचा रोख होता. मतदारांनी तो कर फेटाळला. दुसरीकडे ‘बर्डलेस बॅलट लीग’ नावाचा एक गट कार्यरत होता. मतपत्रिकेवर रिपब्लिकनांचा गरुड व डेमोक्रॅटांचा कोंबडा अशी पक्षचिन्हे असत. ती काढून टाकावीत व मतदाराने उमेदवाराचे नाव वाचून मत द्यावे, अशी त्यांची मागणी होती. हे प्रवाह एकत्र येऊन ‘सिटी चार्टर कमिटी’ स्थापन झाली. तिच्यात स्वतंत्र वृत्तीचे रिपब्लिकन होते, तसेच डेमोक्रॅटही होते. नुकताच मताधिकार मिळालेल्या स्त्रियांनी घरोघरी प्रचाराचे काम केले. नोव्हेंबर १९२४ मध्ये नवी सनद दुपटीहून अधिक मतांनी संमत झाली.

या सनदेने पुढील रचना निर्माण केली. ३२ सदस्यांच्या जागी ९ सदस्यांचे कौन्सिल आले. प्रभाग रद्द झाले. सर्व सदस्य संपूर्ण शहरातून दोन वर्षांसाठी निवडले जाऊ लागले. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव राहिले नाही. महापौर कौन्सिलने आपल्यातूनच निवडावयाचा. त्याचे स्थान मुख्यतः अध्यक्षाचे व सन्मानाचे. प्रत्यक्ष प्रशासन कौन्सिलने नेमलेल्या नगर व्यवस्थापकाकडे सोपविले गेले. आपल्याकडील महानगरपालिका आयुक्ताशी या पदाचे साम्य दिसते, परंतु भेद मूलभूत आहे. आपला आयुक्त राज्य शासन नेमते. तेथील व्यवस्थापक कौन्सिल नेमते व तेच त्यास दूर करू शकते.

सनदेचा दुसरा स्तंभ म्हणजे एकल संक्रमणीय मत पद्धती. विधान परिषदेच्या पदवीधर वा शिक्षक मतदारसंघात मत दिलेल्या प्राध्यापकांना पसंतीक्रम लिहिण्याची रीत परिचित आहे. तेथे जागा एकच असते. सिनसिनाटीत जागा नऊ होत्या आणि त्यामुळे परिणाम वेगळा होई. समजा १,००,००० वैध मते पडली. जागांच्या संख्येत एक मिळवून, म्हणजे १० ने, भागावयाचे व भागाकारात एक मिळवावयाचा. १०,००१ मते हा विजयाचा कोटा झाला. कोट्याहून अधिक मिळालेली मते व तळाच्या उमेदवारांची मते पुढील पसंतीकडे वळविली जात. जादा मतांपैकी कोणत्या मतपत्रिका वळवावयाच्या हे ठरविण्यासाठी ठरावीक अंतराने मतपत्रिका उचलण्याची रीत या शहराने रूढ केली. ती ‘सिनसिनाटी पद्धत’ म्हणून ओळखली गेली आणि मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराने पुढे तिचाच अवलंब केला. सारांश, शहरातील एक दशांशाहून किंचित अधिक मतदार एखाद्या उमेदवाराच्या पाठीशी एकवटले, तर उरलेल्या नऊ दशांशांना त्याचा विजय रोखता येत नसे.

सुधारणेची फलश्रुती

नोव्हेंबर १९२५ च्या पहिल्या निवडणुकीत चार्टर गटाला ६ व रिपब्लिकनांना ३ जागा मिळाल्या. येथे एक बाब नोंद घेण्याजोगी आहे. जुन्या पद्धतीत बहुमतवाल्यांनी जवळजवळ सर्व जागा घेतल्या होत्या. नव्या पद्धतीत पराभूत पक्षालाही त्याचा वाटा मिळाला. सीझनगुड महापौर झाले व सैन्यातील अभियंता क्लेरेन्स शेरिल पहिले नगर व्यवस्थापक झाले. रस्ते, अंदाजपत्रक व नोकरभरती यांत शिस्त आली आणि एकेकाळी बदनाम झालेले शहर सुशासनाचे उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले.

या पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र वेगळाच होता. १९३१ मध्ये फ्रँक ए. बी. हॉल हे कौन्सिलवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. १९४१ मध्ये जेसी लॉकर निवडून आले. १९४९ मध्ये चार्टर गटाचे थिओडोर बेरी हे वकील विजयी झाले. १९५० च्या सुमारास शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. एक दशांशाचा कोटा आणि १५ टक्के समाज, हे गणित पाहता त्यांना एक जागा मिळणे ही कोणाची कृपा नव्हती. तो मोजणीचा स्वाभाविक निष्कर्ष होता.

१९५७ : पद्धतीचे उच्चाटन

रिपब्लिकन पक्षाने ही पद्धत रद्द करण्याचा प्रयत्न वारंवार केला. १९३६, १९३९, १९४७ व १९५४ या चारही वेळी मतदारांनी तो नाकारला. दरम्यान क्लीव्हलँडने १९३१ मध्ये व न्यूयॉर्कने १९४७ मध्ये ही पद्धत सोडली होती. न्यूयॉर्कमध्ये कम्युनिस्ट सदस्य निवडून आल्याचा मुद्दा शीतयुद्धाच्या वातावरणात प्रभावी ठरला. सिनसिनाटीत प्रभावी ठरला तो वर्णाचा मुद्दा.

१९५५ च्या निवडणुकीनंतर चार्टर गटाचे चार्ल्स टाफ्ट महापौर व बेरी उपमहापौर झाले. पुढचा महापौर बेरी होणार, ही कुजबुज १९५७ च्या प्रचारात शहरभर पसरली. उघड व्यासपीठावर मोजणी किचकट आहे, निकालास अनेक दिवस लागतात, मतदारास ती समजत नाही, असे युक्तिवाद केले जात. ते सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु हीच किचकट मोजणी शहराने ३० वर्षे चालविली होती व चार वेळा राखली होती. ३० सप्टेंबर १९५७ रोजी सुमारे ५५ टक्के मतांनी ती रद्द झाली.

नव्या नियमानुसार प्रत्येक मतदारास नऊ मते मिळाली. सर्वाधिक मते मिळविणारे नऊ जण विजयी. प्रभाग परत आले नाहीत, हे येथे निर्णायक ठरते. संपूर्ण शहर हाच एक मतदारसंघ आणि प्रत्येकास नऊ मते, अशा स्थितीत एकसंघ बहुमत नऊच्या नऊ जागा घेऊ शकते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उपमहापौर बेरी पराभूत झाले. त्यांचे समर्थक कमी झाले असे मानण्याचे कारण नाही. बदलला होता तो नियम.

याच सुमारास शहराने वेस्ट एंड भागातील केन्यन-बार ही वस्ती हटविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून २५,००० हून अधिक लोक विस्थापित झाले व त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मोजणीची पद्धत कायम राहिली असती तर हा प्रकल्प टळला असता, असे विधान इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही. तसे प्रकल्प त्या काळी अमेरिकेत सर्वत्र होत होते. एवढे मात्र म्हणता येते की, घरे जाण्याच्या काळात त्या लोकांना ज्या सभागृहात दाद मागावयाची होती, तेथून त्यांचा सर्वांत अनुभवी प्रतिनिधी नुकताच बाहेर पडला होता. बेरी १९६३ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९७२ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. १९५७ मध्ये ज्याची भीती घालण्यात आली होती ते १५ वर्षांनी घडले आणि शहर त्यामुळे कोसळले नाही.

उत्तरकालीन बदल

पुढील काळातील बदल प्रामुख्याने महापौरपदाभोवती फिरले. १९८७ पासून कौन्सिलच्या निवडणुकीत सर्वाधिक मते मिळविणारा सदस्य महापौर होऊ लागला. १९९९ मध्ये मतदारांनी थेट निवडणुकीस संमती दिली व २००१ मध्ये पहिला थेट निवडलेला महापौर आला. हा महापौर कौन्सिलमध्ये मत देत नाही, परंतु ठरावांवर नकाराधिकार वापरू शकतो. तो ओलांडण्यास नऊपैकी सहा मते लागतात. कौन्सिलची मुदत २०१३ पासून चार वर्षांची झाली. २०१८ मध्ये मतदारांनी ती पुन्हा दोन वर्षांवर आणली. नगर व्यवस्थापक मात्र कायम राहिला. प्रमाणशीर प्रतिनिधित्व परत आणण्याचे १९८८, १९९१ व २००८ मधील प्रयत्न मतपेटीत अयशस्वी ठरले.

२०२३ च्या निवडणुकीत कौन्सिलच्या नऊही जागा डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारांना मिळाल्या. शहरात रिपब्लिकन मतदार उरले नाहीत असा याचा अर्थ नव्हे. शतकापूर्वी ३२ पैकी ३१ जागा एका पक्षाकडे होत्या. शतकानंतर नऊपैकी नऊ दुसऱ्याकडे गेल्या. ज्या पक्षाने १९५७ मध्ये ही मोजणी मोडण्यासाठी कष्ट घेतले, त्याच पक्षाला आज तिच्या अभावी सभागृहात स्थान उरलेले नाही.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, प्रशासकीय सुधारणा व प्रातिनिधिक सुधारणा यांचे आयुष्य समान नसते. कार्यक्षम व्यवस्थापक सर्वच सत्ताधाऱ्यांना उपयोगी पडतो, म्हणून तो टिकला. अल्पसंख्याकांना सभागृहात आणणारी मोजणी बहुसंख्याकांच्या सत्तेत वाटेकरी निर्माण करते, म्हणून ती गेली. दुसरा, ही पद्धत निरुपयोगी ठरली म्हणून रद्द झाली असे म्हणता येत नाही. तिने जे साधावयाचे होते ते साधले आणि तेच अनेकांना नकोसे झाले. तिसरा, प्रभाग रद्द केल्याने पक्षयंत्र मोडते हे खरे. परंतु प्रमाणशीर मोजणीची जोड नसेल तर प्रभागविरहित निवडणूक बहुमताला पूर्वीपेक्षाही अनिर्बंध करू शकते.

रचना उत्तम असली की सदाचार आपोआप येतो, असेही नव्हे. २०२० या एकाच वर्षात सिनसिनाटी कौन्सिलच्या तीन सदस्यांना लाचखोरीसंबंधी आरोपांखाली अटक झाली, तेव्हाही नगर व्यवस्थापक पद्धती अस्तित्वात होतीच. सनद माणसे घडवीत नाही. कोणत्या माणसांना सभागृहाचे दार उघडेल, एवढेच ती ठरविते. सिनसिनाटीच्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या दृष्टीने १९५७ मध्ये प्रश्न एवढाच होता आणि तो लहान नव्हता.