आषाढातली गाभोळी

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे माझ्या लहानपणी आमच्या घरी मासा यायचा तो नदीचा नाहीतर तलावाचा. वडील एरवी फारसे उत्साही नसत, पण आषाढ लागला की पिशवी घेऊन निघत. पुढे श्रावण पाळायचा असे, त्याआधी हौस भागवून घ्यायची. एकदा मी सोबत होतो. त्यांनी पोट फुगलेले मासे बाजूला सारून सडसडीत मासे निवडायला घेतले, तर विकणारी ढिवरीण म्हणाली, “बाबूजी, पोटातलीच घ्या. अंडे टाकलेली घ्याल त पाण्यावानी लागन.” वडिलांनी तिचे ऐकले. त्या दिवशीची तळलेली गाभोळी मला अजून आठवते.

पुढे मध्य प्रांतातल्या मासेमारीविषयीचे जुने कागद वाचू लागलो, तेव्हा तिच्या त्या एका वाक्यात दीडशे वर्षांचा वाद दडलेला आहे हे ध्यानात आले. ती चुकीचे काही सांगत नव्हती. मासा वर्षभर अंगी साठवलेली चरबी आणि प्रथिने पावसाळ्यापूर्वी अंड्यांकडे वळवतो. अंडी टाकून परतलेल्या माशाचे मांस मऊ आणि पाणचट लागते. उत्तर पॅसिफिकच्या सॅमनमध्ये हे टोकाला जाते. समुद्रातून नदीत शिरला की तो खाणे जवळजवळ सोडतो, प्रवाहाविरुद्ध चढत राहतो, अंडी घालतो आणि मरतो. म्हणून चरबी शाबूत असलेल्या, मुखाजवळ धरलेल्या सॅमनला मान जास्त. आपले नदीतले मासे असे मरत नाहीत, पुढच्या मृगाला पुन्हा चढतात. पण अडचण तीच. ज्या दिवशी मासा सर्वांत चवदार, त्याच दिवशी त्याला मारणे सर्वांत महाग पडते.

पहिल्या पुरासरशी प्रवाहाविरुद्ध निघालेल्या या माशांना कोल्हापूर-साताऱ्याकडे चढणीचे मासे म्हणतात, रायगडात वलगणीचे. भंडारा-गोंदियाकडे हा सोहळा नदीइतकाच तलावावर घडे. कोहळी समाजाने बांधलेल्या तिथल्या तलावांचा सलंग, म्हणजे जादा पाणी सोडणारा सांडवा, वाहू लागला की मासे त्या धारेवर उड्या घेत आणि वरच्या अंगाच्या धानाच्या बांध्यांत शिरून उथळ, कोमट पाण्यात अंडी घालत. मरळ तर पिल्ले मोठी होईपर्यंत त्यांची राखण करते. नेमकी ती राखणदार जोडीच जाळ्यात गेली की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. सलंगावर कामट्यांचा सापळा लावून बसणे हे अर्थातच सर्वांत सोपे काम.

श्रावण पाळल्याने मासळी वाचते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मलाही ते पूर्वी पटत असे. समुद्राच्या बाबतीत त्यात तथ्य आहे; नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची जुनी प्रथा आहे. पण विदर्भात पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि चढणीचा मोठा भाग आषाढातच उरकतो. म्हणजे आमचा संयम सुरू होतो तो बरीचशी गाभोळी ताटात येऊन गेल्यावर!

ही चढण सरकारदरबारी गाजवली ती सर्जन फ्रान्सिस डे याने. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातील माशांवरचा त्याचा अहवाल १८७३ साली कलकत्त्याला छापला गेला. अंड्यावरचे मासे आणि पिल्ले यांची बेसुमार कत्तल होते, शेताच्या पाण्यात सापळे लावले जातात, जाळ्याचे डोळे फार बारीक असतात, अशी त्याची तक्रार. पाटबंधाऱ्यांनी चढणारे मासे अडतात आणि भिंतीच्या पायथ्याशी सहज मारले जातात, हेही त्याने मांडले होते. पुढे १८९७चा मत्स्य कायदा झाला. त्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरणे गुन्हा ठरवले. सापळे, बांध आणि जाळ्यांचे डोळे यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला. बंधाऱ्याच्या भिंतीवर मात्र या कायद्याने काही बंधन घातले नाही. डे याच्या दोन तक्रारींपैकी गरिबाची तेवढी कायद्यात उतरली, असे माझे मत आहे.

तो गरीब कोण होता, हे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात दिसते. मध्य प्रांतातल्या जातिजमातींची नोंद करताना ते धीमर मासे धरतात, पालख्या वाहतात, तलावात शिंगाडा लावतात, असे सांगतात. आपले ढिवर ते हेच. पाण्याशी बांधलेला, पण पाण्याची मालकी नसलेला हा समाज. तलाव मालगुजाराचा होता; १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘मामा तलाव’ हे काहीसे गमतीदार नाव चिकटले.

त्यानंतर एक शोध लागला आणि चढणीची गरजच संपल्यासारखी झाली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवले. बी आता पुराची वाट न पाहता हौदात मिळू लागले. सहकारी संस्थांनी तलावांत रोहू, कटला, मृगळ सोडले. उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सलंगावरून मासा वर जातो की नाही, याची काळजी आता कोण करणार? भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर मंडळी तलावांत देशी वनस्पती लावून स्थानिक मासे परत आणण्यासाठी झटत आली आहेत, ती या पार्श्वभूमीवर.

नदीची गोष्ट आणखी लांब पल्ल्याची आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या मोठ्या झिंग्याचे शास्त्रीय वर्णन आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४४मध्ये केले. हा प्राणी सॅमनच्या उलट वागतो. त्याच्या अळीला मचूळ पाणी लागते, म्हणून बाळझिंगे खाडीकडून वर चढतात. राजमहेंद्रीपासून प्राणहिता आणि पुढे वैनगंगा, एवढी मोठी वाट. त्या वाटेवर १८५२ साली आर्थर कॉटनचा धवळेश्वरम बंधारा पुरा झाला, २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्दची पायाभरणी झाली आणि २०१९ साली प्राणहितेच्या संगमाखाली मेडीगड्डाचे दरवाजे उभे राहिले. नदीच्या वरच्या अंगाला, शिवनी-बालाघाटात, मध्य प्रदेशचा १९७२चा नियम १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद ठेवतो. नियम चांगला आहे. पण भिंतीला बंदीचे महिने नसतात.

गेल्या आषाढात मी पुन्हा बाजारात गेलो. बर्फात झिंगे होते, आंध्रातल्या तळ्यांतले. शेजारच्या टोपलीत रोहू. पोटातली आहे का, असे विचारल्यावर विकणाऱ्या बाईंनी अंगठ्याने माशाचे पोट दाबून पाहिले आणि हसून म्हणाल्या, “हे बियाण्याचे मासे, काका. नदीची पायजे त सांगून ठेवा, आली त देईन.” मी सांगून ठेवले नाही.