पाण्याला वाट ठेवलेला तळमजला

साल १९६३. व्हेनिसमध्ये भरती चढते आहे. सांता मारिया फोर्मोझाजवळच्या कालव्यावरचा नवा, बारीक कमानीचा पूल ओलांडून तुम्ही क्वेरिनी स्टॅम्पालिया या जुन्या वाड्यात शिरता. पायाखाली रंगीत संगमरवराचे चौकोन. चार पावलं टाकता आणि थबकता. कालव्याकडच्या जाळीच्या दारांतून पाणी सरळ आत येतंय, एकेक पायरी बुडतेय, आणि कुणाचीही धावपळ नाही.

पाण्यापायी या तळमजल्याची रया गेली होती. दुसऱ्या कुणी दारं चिणून पाणी अडवायचा घाट घातला असता. वाड्यातल्या क्वेरिनी स्टॅम्पालिया संस्थेचे संचालक जुझेप्पे मात्सारिओल यांनी दुरुस्तीचं काम रचनाकार कार्लो स्कार्पांकडे दिलं आणि स्कार्पांनी पाण्याला आत यायला वाट ठेवली. ओल्या शहरात राहायचं तर पाण्याची जागा आधी ठरवायला हवी. त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच.

तुम्ही उभे आहात ती वाट उचललेली, भिंतींपासून सुटी. वाका, तिच्या उंच काठावरून हात फिरवा. इस्त्रियाचा पांढरा दगड, व्हेनिसच्या पायऱ्यांना आणि उंबरठ्यांना शतकानुशतकं लावलेला, खाऱ्या पाण्याला पुरून उरणारा. पाणी काठाला लागून फिरतं, पावलं कोरडी राहतात. पुढच्या दालनात जमिनीचं काँक्रीट वळवून भिंतीवर चढवलंय. त्याच्या वर ट्रॅव्हर्टाइनचा दगड, आणि त्यात बसवलेली पितळी पट्टी, चित्रं टांगण्यासाठी.

ही नजर कुठून आली? स्कार्पा जन्मले याच शहरात, १९०६ साली. १९३२ ते १९४७ वेनिनी या काचेच्या कारखान्यासाठी काच घडवताना मुरानो बेटावरच्या कारागिरांकडून भट्टीतला रंग शिकले. त्यांच्याकडे आर्किटेक्टचा परवाना नाही. पण सुतार, लोहार, गिलावा करणारे यांच्याशी बोलत कागदावर पुन्हा पुन्हा रेखाटून ते एकेक सांधा पक्का करतात. अमेरिकी आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांचं काम त्यांनी मनापासून अभ्यासलंय.

मागच्या दारानं बागेत या. अलाबास्टर दगडाच्या छोट्या चक्रव्यूहातून पाणी झिरपतं आणि अरुंद पाटातून हिरवळीच्या कडेनं चालू लागतं. बघणाऱ्याला जपानमधलं क्योतो आठवावं अशी ही बाग, आणि स्कार्पांनी जपान अजून पाहिलेलाही नाही. ते तिथे पहिल्यांदा जातील १९६९ मध्ये.