कापड, उतार आणि वारा

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलं की मलंगगड दिसतो. तिथून डोंगरांची एक धार निघते. तावली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब असे माथे गाठत ती माथेरानला जाऊन मिळते. धारेच्या पूर्वेला बदलापूर-वांगणीचा, उल्हास नदीच्या खोऱ्यातला सखल मुलूख. पश्चिमेला पनवेल आणि त्यापलीकडे खाडी. उन्हं चढली की समुद्राकडून वारा सुटतो, या धारेला आडवा भिडतो आणि पुढे जायला जागा नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर घारी पंख न हलवता तासन् तास फिरत राहतात.

माणसाने इंजिनाशिवाय असं तरंगायचं म्हटलं तर त्याला तीनच गोष्टी लागतात: उतार, वारा आणि कापड. पहिल्या दोन या डोंगरांनी दिल्या आहेत. तिसरीची उल्हासनगरला कधीच वाण नव्हती. जीन्सच्या कारखान्यांनी आणि शिलाईयंत्रांच्या घरघरीने जगणारं हे शहर आहे. हँग ग्लायडिंगचा इतिहास इथून सांगायचा तर तो कापडापासूनच सांगावा, कारण या खेळाच्या जन्मात शिवणकामाचा वाटा इंजिनिअरिंगइतकाच मोठा आहे.

ओटो लिलिएंटाल हा बर्लिनचा इंजिनिअर, वाफेच्या इंजिनांचा आणि बॉयलरचा कारखानदार. करकोचे कसे उडतात याचा अनेक वर्षं अभ्यास करून १८९१ साली त्याने विलोच्या लाकडाच्या सांगाड्यावर सुती कापड ताणलं आणि उतारावरून वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटला. सोयीची टेकडी जवळ नव्हती, म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डमध्ये स्वतःची टेकडी उभारली. उंची १५ मीटर, आकार शंकूसारखा. वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून उडी घेता यावी, हा त्यामागचा विचार. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणं केली. पंखांच्या मधोमध तो हातांवर पेलून लटकायचा आणि पाय पुढे-मागे झुलवून तोल सांभाळायचा. शरीराचं वजन सरकवून दिशा बदलण्याची ही रीत आजही तीच आहे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याचा पंख उचलला गेला, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

त्याच्यानंतर विमानाला इंजिन मिळालं आणि जग त्या वाटेने निघून गेलं. कापडी पंखाकडे पुन्हा कुणी गांभीर्याने पाहिलं ते थेट १९४८ मध्ये. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सरकारी विमानसंशोधन केंद्रात काम करणारे फ्रान्सिस रोगॅलो घरी फावल्या वेळात कांड्यांशिवायच्या, नुसत्या कापडी पंखावर प्रयोग करत होते. त्यांची पत्नी गर्ट्रूड हिने स्वयंपाकघरातला छिटाचा पडदा कापून त्यातून पंख शिवला. तो उडाला. पेटंट दोघांच्या नावावर आहे आणि ते तसंच असायला हवं, कारण कापड कुठे ताणावं आणि कुठे सैल सोडावं हे शिवणाऱ्या हाताला कळतं. पुढे ‘नासा’ने जेमिनी यान अंतराळातून परतताना याच पंखाने उतरवता येईल का, याच्या चाचण्या घेतल्या. त्यासाठी बनवलेलं पॅरेसेव्ह नावाचं ग्लायडर नील आर्मस्ट्राँगनेही उडवलं होतं. शेवटी यान पॅराशूटनेच उतरवायचं ठरलं आणि रोगॅलोंचा पंख अंतराळाच्या वाटेवरून बाजूला पडला.

तो उचलला ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावच्या जॉन डिकन्सन यांनी. गावातल्या वॉटर-स्की क्लबला उत्सवासाठी काहीतरी उडणारं हवं होतं. डिकन्सन यांनी १९६३ मध्ये लाकूड, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि केळीच्या घडांवर चढवतात ते निळं प्लॅस्टिक यांचा पंख केला आणि बोटीमागे दोरीने ओढत हवेत चढवला. त्यांची खरी देणगी म्हणजे पंखाखालचा त्रिकोणी दांडा. पायलट पंखाच्या मध्याशी पट्ट्याने लटकतो आणि समोरचा दांडा धरून स्वतःचं शरीर सरकवतो. दांडा जवळ ओढला की नाक खाली जाऊन वेग वाढतो, पुढे ढकलला की वेग कमी होतो. आजचं कुठलंही हँग ग्लायडर पाहा, तो त्रिकोण दिसेलच.

यानंतर खेळ वणव्यासारखा पसरला. २३ मे १९७१ रोजी, लिलिएंटालच्या १२३व्या जन्मदिनी, कॅलिफोर्नियातल्या एका टेकडीवर हौशी मंडळी बांबू आणि प्लॅस्टिकचे घरगुती पंख घेऊन जमली. १९७६ मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसेन इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. मधल्या वर्षांत माणसंही बरीच गेली. सुरुवातीच्या सैल पंखांचं नाक फार खाली झुकलं की कापडातली हवा निघून जायची आणि पंख सरळ जमिनीकडे सूर मारायचा. त्या मृत्यूंमधूनच पंखांच्या चाचण्यांचे नियम तयार झाले.

मराठी माणसाच्या उड्डाणाचा विषय निघाला की बोलणं १८९५ मधल्या चौपाटीवर, शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानावर जातं. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा दाखला देतात, त्यातली विमानं उडणं शक्य नाही असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला आहे. जे खरोखर घडलं ते सांगण्यासारखं असताना या वादात इतकी शाई जावी, याचं वाईट वाटतं.

खरोखर काय घडलं? पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे यंत्राने दोर गुंडाळून इंजिनाशिवायचं ग्लायडर वर खेचतात आणि कित्येक तरुणांनी हवेत तरंगण्याचा पहिला धडा तिथेच घेतला. नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना शाळेतल्या जवानांनी हँग ग्लायडिंग साहसी खेळ म्हणून जोपासलं. हिमाचलातल्या बिलिंगच्या उतारावर १९८०च्या दशकात परदेशी पायलट हँग ग्लायडर घेऊन आले आणि भारताचं नाव या खेळाच्या नकाशावर गेलं. २०१५ मध्ये तिथेच पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला.

सह्याद्रीतली या खेळाची राजधानी मात्र मावळात, कामशेतला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे शिकवणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या. निर्वाणा अ‍ॅडव्हेंचर्स आणि टेम्पल पायलट्स ही त्यांतली ठळक नावं. पण कामशेतच्या आकाशात आज दिसतं ते बहुतेक पॅराग्लायडर. फ्रान्समधल्या मिउसी गावी १९७८ मध्ये तीन पॅराशूटपटूंनी डोंगरउतारावरून धावत पॅराशूट उडवून पाहिलं, तेव्हा हा धाकटा भाऊ जन्मला आणि त्याने थोरल्याला मागे टाकलं. कारण अगदी साधं आहे. हँग ग्लायडर तीस किलोंच्या आसपास वजनाचं, घडी घातली तरी पाच-सहा मीटर लांबीचं बोचकं. ते जीपच्या टपावर बांधून घाटातून न्यावं लागतं. पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत मावतो. उल्हासनगरच्या मुलाने कर्जत लोकल धरली, पुढे घाट चढून लोणावळा गाठलं आणि पुणे लोकलने तो कामशेतला उतरला, तरी पिशवी त्याच्यासोबतच असते. भारतासारख्या देशात कुठला पंख टिकेल हे रेल्वेच्या डब्याने ठरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

मावळातल्या धारेवरचा दिवस दोन्ही पंखांचा सारखाच असतो. मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात ढग आणि झोताचा वारा डोंगर ताब्यात घेतात. दिवाळीच्या सुमारास भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात आणि उतरायला जागा मिळते. मावळातल्या शेतकऱ्याच्या वेळापत्रकावर हा खेळ उभा आहे, याची जाण शहरातून येणाऱ्यांनी ठेवायला हवी. बांध तुडवू नयेत, उभ्या पिकात उतरू नये.

सकाळी वारा मंद असतो. नवशिके कामशेतजवळच्या शिंदेवाडीच्या सौम्य उतारावर पंख डोक्यावर पेलायला शिकतात. भर दुपारी तापलेल्या कातळावरून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. त्यांना थर्मल म्हणतात. त्यात अनुभवी पायलटच शिरतात आणि तो स्तंभ कुठे आहे हे घारींच्या घिरट्यांवरून हेरतात. उन्हं कलली की हवा गुळगुळीत होते. पश्चिमेचा वारा धारेवर एकसारखा चढतो आणि सूर्य मावळेपर्यंत माथ्यावर येरझाऱ्या घालता येतात. वाऱ्याचा वेग ताशी १५ ते २५ किलोमीटर असला तर उत्तम. त्याहून फार जोर वाढला की माथ्यामागे हवेचे भोवरे तयार होतात. त्यात सापडलेला पंख कुणाच्याही हातात राहत नाही.

हँग ग्लायडरवाल्यांचा यात एक वेगळा रिवाज आहे. पंख जोडून, दोऱ्या तपासून झाल्या की धावण्याआधी पायलट पट्ट्यात आडवा लटकून दाखवतो आणि एक साथीदार पंखाचं नाक धरून उभा राहतो. पट्टा अडकवायला विसरून कड्यावरून धावलेली माणसं जगभर दगावली आहेत, म्हणून हा रिवाज. कितीही जुना पायलट असला तरी त्याला तो चुकत नाही, चुकवूही नये.

मग मलंगगड-माथेरानच्या धारेवरून कुणी का उडत नाही? उतार आहे, वाराही आहे, पण खालची जमीन आणि वरचं आकाश दोन्ही मोकळी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिच्या बराकींत आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. ‘कॅम्प’ हा शब्द तेव्हापासून पत्त्यात राहिला. त्याच युद्धकाळात मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली, शेतकरी पुन्हा नांगर धरू लागले आणि मालकीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपणभिंत बांधायला घेतली तेव्हा आंदोलन चिघळलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. तो प्रश्न न्यायाने सुटल्याशिवाय तिथे हौसेच्या उड्डाणाची भाषा करणं योग्य नाही. आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पनवेलच्या बाजूला, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. प्रवासी विमानं ये-जा करतात त्या आकाशात कापडी पंख नेणं हा जिवाशी खेळ आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या ज्या तरुणांना ही ओढ असेल त्यांनी कामशेतचीच वाट धरावी. २०२१च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी नोंदणी करणं आवश्यक आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी, प्रशिक्षकाचा परवाना, विमा आणि राखीव पॅराशूट या चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर टाळलं गेलं तर परत फिरावं. ज्यांच्या घरी शिलाईचा धंदा आहे त्यांनी तिथे गेल्यावर पंखाची शिवण जवळून पाहावी: कुठे दुहेरी टाके, कुठे नागमोडी, कुठे जोडपट्टी. उसवलेला पंख दुरुस्त करणारे जाणकार हात या खेळाला हवेच आहेत आणि रीतसर शिकून घेतलं तर ते काम उल्हासनगरच्या कारागिरांना नक्की जमण्यासारखं आहे.