छोट्या मैफलीचं गणित: शंभर जणांसमोरचं गाणं रंगतं, मग परवडत का नाही?

स्टेडियममधल्या कॉन्सर्टचे रील्स आता रोज दिसतात. लाखभर वॅटचा साऊंड, भलामोठा एलईडी पडदा आणि हजारो मोबाईलचे दिवे. त्याच वेळी एखाद्या छोट्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या साठ-सत्तर माणसांसमोर दोन तानपुरे, तबला आणि पेटी घेऊन कुणीतरी गात असतं.

कोल्हापूरला या दुसऱ्या प्रकाराची सवय फार जुनी आहे. इथला गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. छोट्या मैफलीत असं काय असतं की माणसं अजूनही जातात? आणि इतकी गोडी असूनही अशा जागा चालवणं अवघड का जातं?

छोटी मैफल म्हणजे काय?

याची ठरलेली व्याख्या नाही. साधारण पन्नास ते दोनशे श्रोते, कलाकार आणि श्रोत्यांत काही फुटांचं अंतर आणि माईक नसला तरी चालेल अशी जागा, एवढं पुरे. मग तो एखाद्या संस्थेचा हॉल असेल, वाड्यातला दिवाणखाना असेल नाहीतर देवळाचा मंडप. आपल्याकडे याला बैठक म्हणतात, कारण गाणारा आणि ऐकणारा दोघंही खाली बसलेले असतात.

जवळून ऐकलं की वेगळं का वाटतं?

यामागे साधं विज्ञान आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजे लांब बसलेल्याला श्वास, मींड, हळूच लावलेला स्वर हे बारकावे आधी गमवावे लागतात.

दुसरी गोष्ट भिंतींची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पाच मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो अंदाजे ०.०३ सेकंदात परत येतो. इतक्या लवकर आलेला आवाज कानाला वेगळा जाणवत नाही, तो मूळ आवाजात मिसळून त्याला भरीव करतो. तीच भिंत चाळीस मीटरवर असेल तर परतीला जवळपास पाव सेकंद लागतो आणि प्रतिध्वनी ऐकू येतो. मग माईक, स्पीकर आणि साऊंडवाल्याच्या हातावर सगळं अवलंबून राहतं.

दाद गाणं बदलते

ख्याल गायनात बंदिश ठरलेली असते, पण तिची बढत बरीचशी तिथल्या तिथे सुचते. त्यामुळे समोरचा श्रोता महत्त्वाचा. समेवर माना एकदम हलल्या, कोपऱ्यातून "क्या बात है" आलं, की गायक ती जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेऊन दाखवतो. मोठ्या रंगमंचावर डोळ्यांवर दिवे असतात आणि समोर अंधार, तिथे ही देवाणघेवाण कमी होते.

कोल्हापूरचं गाणं समजून घ्यायला हे उपयोगी पडतं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. अनवट आणि जोड राग, लयीशी खेळणाऱ्या पेचदार ताना ही या घराण्याची ओळख. असं गाणं हजारोंच्या गर्दीत सहज पोहोचत नाही. त्याला लक्ष देऊन ऐकणारी मोजकी माणसं लागतात.

पण रेकॉर्डिंग असताना जायचं कशाला?

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. ती आहे साडेतीन मिनिटांची, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. बैठकीत एकच राग तासभर चालू शकतो. रेकॉर्डिंगमुळे आवाज जपला जातो. तो राग हळूहळू उलगडताना बघायला मात्र बैठकीतच बसावं लागतं.

छोटी जागा शाळाही असते

हार्मोनियमवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे बरेचसे स्वतःच शिकले. शास्त्रीय संगीताची दीक्षा मिळाल्याचं श्रेय ते देवल क्लबला देत. पुढे 'संगीत मानापमान'ला त्यांनी चाली दिल्या आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला संगीतही दिलं. नवख्या कलाकाराला चुकायला, सावरायला आणि थोरांना जवळून ऐकायला जागा लागते. मोठा महोत्सव सहसा नाव झालेल्यांनाच बोलावतो.

मग अडचण कुठे येते?

*पहिली, पैशाची.* एक काल्पनिक हिशोब मांडू. कलाकारांची बिदागी, प्रवास, राहणं, हॉल आणि चहापाणी मिळून खर्च ५०,००० रुपये आला. श्रोते हजार असतील तर माणशी ५० रुपये पडतात, शंभरच असतील तर ५००. खर्च मात्र श्रोत्यांच्या प्रमाणात कमी होत नाही. तबलजी शंभर जणांसाठीही तेवढंच वाजवतो. तिकीट वाढवलं तर विद्यार्थी येत नाहीत, नाही वाढवलं तर आयोजकांच्या खिशाला चाट. शेवटी अनेकदा कलाकाराच्या मानधनालाच कात्री लागते.

*दुसरी, आश्रयाची.* हा तोटा कुणीतरी भरून काढावा लागतो. पूर्वी तो राजे भरत. १९२२ मध्ये शाहू महाराजांचं निधन झालं आणि पुढे अल्लादिया खाँसाहेब मुंबईला गेले. एका माणसाच्या आधारावर उभं असलेलं गाणं त्याच्यामागे किती लवकर गाव सोडतं, हे कोल्हापूरने तेव्हाच पाहिलं. सभासदांची वर्गणी, देणगीदार आणि गाण्याचे वर्ग हे संस्थांचे नेहमीचे आधार. तेही कायम पुरतातच असं नाही.

*तिसरी, बंद दाराची.* छोट्या वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे नवा माणूस बिचकतो. कुठे बसायचं, दाद कधी द्यायची, मध्येच उठलं तर चालतं का, हे कुणी सांगत नाही. तेच श्रोते, तेच कलाकार असं झालं की संस्था म्हातारी होते.

*चौथी, सोयींची.* दोन तास मांडी घालून बसणं प्रत्येकाला जमत नाही. जुन्या इमारतींत जिने, उकाडा, बाहेरचा हॉर्न आणि गाडी लावायची पंचाईत असते.

*पाचवी, वेळेची.* २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला सूट असते. शेजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहेच, पण याचा परिणाम गाण्यावर झाला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातली रात्रभर गाण्याची जुनी प्रथाही बंद पडली आणि मालकंस, दरबारी असे रात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकणं अवघड झालं. इथे मात्र बंद खोलीत माईकशिवाय होणारी छोटी बैठक फायद्यात राहते.

जागा गेली की काय जातं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. ते छोटं नव्हे, पण शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं हे 'पॅलेस थिएटर' माईकच्या आधीच्या काळातलं, म्हणजे नटाचा नुसता आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा लागे तेव्हाचं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शहर हळहळलं, कारण अशी वास्तू जळते तेव्हा खुर्च्यांबरोबर तिथे नियमित येणाऱ्यांची सवयही मोडते.

छोट्या जागांच्या नशिबी अशी बातमीही येत नाही. एका वर्षी बारा बैठकी होतात, पुढच्या वर्षी सहा, मग फक्त गुरुपौर्णिमेला एक.

पहिल्यांदा जायचं असेल तर

बऱ्याच बैठकी विनामूल्य किंवा माफक तिकिटात असतात. सुरुवातीची आलापी चुकू नये म्हणून वेळेआधी पोहोचा. खाली बसता येत नसेल तर मागे खुर्ची मागायला संकोच नको. राग ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. उठायचं झालं तर एक बंदिश संपल्यावर उठा. मोबाईल सायलेंट ठेवा आणि रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. दाराशी देणगीची पेटी दिसली तर चहाच्या दोन कपांएवढी रक्कम टाका. वरच्या ५०,००० च्या हिशोबात शंभर माणसांचे तेवढे पैसेही जमेस धरले जातात.