नाण्याची छायाचित्रावरून प्रतपारख

नाण्याची झीज, ठशाची ठळकता व पृष्ठभागाची अवस्था छायाचित्रात पाहून प्रत ठरविण्याची पद्धत. उदाहरणार्थ, विदर्भात सापडणाऱ्या सातवाहनांच्या पोटीन (तांबे, कथील व शिसे यांची मिश्रधातू) नाण्यांवर एकीकडे हत्ती व राजाचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह असते. ठसा पुष्कळदा चकतीत मावत नाही. नावाची अक्षरे कडेबाहेर जातात. ही झीज नव्हे, आणि नवख्यांची गफलत नेमकी इथेच होते. खरी झीज आधी उंचवट्यांवर, म्हणजे हत्तीच्या गंडस्थळावर व पोटावर दिसते.

समोरच्या प्रखर उजेडात उठाव सपाट भासतो. म्हणून दोन्ही बाजूंची, तिरप्या उजेडातील छायाचित्रे मागावीत. एकाच दिशेचे बारीक ओरखडे नाणे घासल्याची खूण होत. असे चकचकीत नाणे काळवंडलेल्या पण अस्पर्शित नाण्याहून हलक्या प्रतीचे मानावे. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके चालू गंजाचे असतात. अमेरिकी सेंटसाठी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० गुणांची शेल्डन श्रेणी या नाण्यांना लावणे अयोग्य. वजन मात्र तराजूवरच कळते.