शेवट कोणाचा? : 'रामायण', जालंधरचा संप आणि सातवे कांड

१९ मे २०१९ रोजी 'गेम ऑफ थ्रोन्स'चा अखेरचा भाग प्रसारित झाला. आठव्या सीझनवर चाहते इतके संतापले होते, की 'हा सीझन सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या' अशा ऑनलाइन निवेदनावर पंधरा लाखांहून अधिक सह्या झाल्या. वाहिनीने एक दृश्यही बदलले नाही. तेव्हा अनेकांनी लिहिले, की प्रेक्षकांनी मालिकेच्या शेवटावर असा हक्क सांगणे हे समाजमाध्यमांच्या युगाचे अपत्य आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे विधान पटण्यासारखे नाही. त्याच्या एकतीस वर्षे आधी, पंजाबातील जालंधर शहरात, एका मालिकेच्या शेवटासाठी संप झाला होता. आणि ती मागणी मान्यही झाली होती.

मालिका अर्थातच रामानंद सागर यांची 'रामायण'. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर तिचा आरंभ झाला. आधी ५२ भागांची योजना होती. लोकप्रियतेमुळे मुदत वाढत गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी ७८व्या भागाने मालिका संपली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, दूरचित्रवाणी संचाला हार घातला जाई, या आठवणी आपल्या आईवडिलांकडून आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, त्यामुळे त्या पुन्हा सांगत बसत नाही. मराठी घरांना मंथरेच्या भूमिकेतील ललिता पवार आणि भरताच्या भूमिकेतील संजय जोग यांचे विशेष अप्रूप होते, एवढी नोंद मात्र करून ठेवतो.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या काळी देशात दूरदर्शन हे एकच माध्यम होते आणि ते थेट शासनाचे होते. मालिका किती भागांची, तिला मुदतवाढ द्यायची की नाही, हे निर्णय अखेर दिल्लीत होत. म्हणजे कथेच्या शेवटाविषयी गाऱ्हाणे मांडायचे, तर ते निर्मात्याइतकेच सरकारकडेही मांडावे लागे. आज आपल्याला हे विचित्र वाटते. परंतु पुढे जे घडले, ते या व्यवस्थेमुळेच घडू शकले.

सागरांची मालिका रामाच्या राज्याभिषेकावर थांबली. यात त्यांनी परंपरेबाहेरचे काही केले, असे नाही. उत्तरेतील बहुतेक रामलीला तिथेच आटोपतात. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त उत्तरकांड आहे, पण सीतात्यागाची कथा नाही. वाल्मीकींच्या नावावरील रामायणात मात्र सातवे कांड राज्याभिषेकाच्या पुढे जाते. लोकापवादामुळे राम गर्भवती सीतेचा त्याग करतो. वाल्मीकी तिला आश्रमात आश्रय देतात. तिथे लव-कुश जन्मतात. वाल्मीकी त्यांना रामायण शिकवतात आणि ते दोघे रामासमोर रामाचीच कथा गातात. शेवटी सीता भूमीच्या उदरात जाते. बालकांड आणि उत्तरकांड ही मूळ काव्याला नंतर जोडली गेली, असे अभ्यासकांचा मोठा वर्ग मानतो. परंतु वाल्मीकी हे पात्र कथेत खऱ्या अर्थाने वावरते, ते या सातव्या कांडातच. ते गाळले, की कवी स्वतःच्या काव्यातून जवळजवळ नाहीसा होतो.

आता जालंधरकडे वळू. पंजाब, हरियाणा, दिल्ली या पट्ट्यात शहरांच्या सफाईचे काम पिढ्यानपिढ्या ज्या दलित जातीवर लादले गेले, ती स्वतःला वाल्मीकी किंवा बाल्मिकी म्हणवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव या समाजात दृढ झाले. त्यामागे आर्यसमाजाचे प्रयत्न किती आणि समाजाची स्वतःची भक्तिपरंपरा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण ज्याला गावाने अपमानास्पद नावानेच हाक मारली, त्या माणसाने 'आम्ही आदिकवीचे वंशज' असे म्हणणे, याचे मोल त्या वादाने कमी होत नाही. या समाजासाठी वाल्मीकी हे 'भगवान वाल्मीकी' आहेत. त्यांची मंदिरे आहेत. दिल्लीतल्या अशाच एका वाल्मीकी मंदिराच्या परिसरात १९४६-४७ मध्ये गांधीजींचा मुक्काम होता.

(येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. 'वाल्याचा वाल्मीकी झाला' ही म्हण आपण किती सहज वापरतो! दरोडेखोराच्या हृदयपरिवर्तनाची ही कथा वाल्मीकी रामायणात नाही, ती नंतरच्या ग्रंथांतून आणि लोककथांतून आली. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःला प्रचेतसाचा दहावा पुत्र म्हणवतात. वाल्मीकी समाजातील अनेकांना ही दरोडेखोराची कथा अपमानकारक वाटते, आणि तसे का वाटावे हे समजणे अवघड नाही.)

तेव्हा, मालिका सातव्या कांडाआधीच संपणार हे स्पष्ट होताच जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केले. मागणी एकच होती : पुढची कथा दाखवा. संपाचे लोण उत्तर भारतातील इतर मोठ्या शहरांत पोहोचले. कचरा साचू लागला, रोगराईचे भय उभे राहिले, आणि शासनाने उर्वरित कथेच्या भागांना मान्यता दिली. अमेरिकी अभ्यासक पॉला रिचमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेनी रामायणाज' या ग्रंथाच्या आरंभीच या संपाचा दाखला दिला आहे. रामकथा एकच आणि एकसाची कधीच नव्हती, तिच्यावर हक्क सांगणारे समूह अनेक होते, हे सांगण्यासाठी त्यांना याहून जिवंत उदाहरण मिळाले नसते.

हा सर्व चमत्कार एकट्या संपाने घडवला, असे म्हणणे मला थोडे भाबडेपणाचे वाटते. मालिका चालू राहावी, अशी इच्छा असणारे जाहिरातदारही होते आणि सामान्य प्रेक्षकही. परंतु जाहिरातदाराला आणखी भाग हवे होते, कोणतेही भाग. विशिष्ट कांड हवे होते ते सफाई कामगारांना. शहराच्या व्यवहारात जे एरवी कोणाला दिसत नाहीत, त्यांना आपला पूर्वज पडद्यावर दिसायला हवा होता, आणि ती मागणी मान्य करून घेण्याचे एकमेव साधन त्यांच्या हातात होते ते म्हणजे झाडू खाली ठेवणे.

ऑक्टोबर १९८८ मध्ये 'उत्तर रामायण', म्हणजेच 'लव कुश', सुरू झाले. त्यातील बालवयातला कुश म्हणजे आपला स्वप्नील जोशी. वाल्मीकींना आता मध्यवर्ती स्थान मिळाले; विजय कविश यांनी ती भूमिका केली. मात्र सागरांनी कथेला वळण दिले. त्यांच्या मालिकेत राजधर्मासाठी घर सोडण्याचा निर्णय सीता स्वतः घेते. रामावरचा दोष अशा रीतीने सौम्य झाला. मागणी मान्य झाली, पण कथनाची सूत्रे निर्मात्याच्याच हाती राहिली. आणखी एक विसंगती नोंदवायला हवी. ज्या उत्तरकांडात वाल्मीकींचा गौरव आहे, त्याच कांडात तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामाच्या हातून वधही आहे. कोणताही प्राचीन ग्रंथ आपल्या सोयीचा तेवढाच हाती येत नाही.

या कथेचा शेवट बदलण्याची परंपरा तरी कुठे नवी आहे? आठव्या शतकातील भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरिता'त सीता भूमीत जात नाही. राम-सीतेचे पुनर्मीलन होते. आणि ते कसे? वाल्मीकी एक नाटक रचतात, अप्सरा ते सादर करतात आणि राम प्रेक्षकांत बसून आपलीच कथा पाहतो. पाहता पाहता तो मूर्च्छित होतो. शेवट सहन न होणारा पहिला प्रेक्षक कोण, असे मला कोणी विचारले, तर मी याच रामाकडे बोट दाखवीन.

एकनाथांचे 'भावार्थ रामायण' घ्या. सागरांच्या मालिकेने आपल्या आधारग्रंथांत त्याचाही उल्लेख केला होता. परंपरा सांगते, की नाथांनी युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत रचना केली आणि उरलेला भाग, उत्तरकांडासह, त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. ५२ आठवड्यांची योजना होती, अधिक मासामुळे गीते ५६ झाली. त्याचा आरंभच लव-कुशांच्या गायनाने होतो आणि अखेरच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना निरोप देतात. मराठी श्रोत्याला वाल्मीकींसाठी वेगळी मागणी करावी लागली नाही, ते त्याला पहिल्याच गीतापासून भेटले.

२८ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. १८ एप्रिलला राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी, मधे एकही रिकामी संध्याकाळ न जाता, 'उत्तर रामायण' सुरू झाले. नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना ती एकच सलग मालिका वाटली. त्याच आठवड्यांत देशभरातले सफाई कामगार मुखपट्टी बांधून रोज कामावर जात होते.