टाकीतील इंधनपंप : बदली सुटे भाग (लकडगंज, नागपूर)

पेट्रोलच्या टाकीत बुडवून बसवलेला, विजेवर चालणारा पंप आणि त्याच्या जोडीचे भाग : जाळी, रबरी नळी, क्लिपा, रेग्युलेटर, टाकीच्या झाकणातून आत जाणारा वीजजोड, ओ-रिंग, तरंगता फ्लोट. कारखान्यातून आलेले भाग काढून त्यांच्या जागी बाजारातून घेऊन बसवलेले भाग किती टिकतात, विशेषतः ताकद वाढवलेल्या मोटारींत, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनाला चिकटलेला आणि यांत्रिक असे. तो बिघडला की बाहेरून दिसे. इंजेक्शनच्या गाड्यांत तो टाकीत गेला आणि नजरेआड झाला.

स्थान : लकडगंज हा पूर्व नागपुरातील व्यापारी भाग. महानगरपालिकेच्या एका झोनला त्याचेच नाव आहे. लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या ही त्याची जुनी ओळख. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातले सागवान नागपूरच्या बाजारात येत आले आहे. सेंट्रल अव्हेन्यू जवळूनच जातो आणि पुढे भंडारा रस्त्याला लागतो. टेलिफोन एक्सचेंज चौकात डिसेंबर २०२२ पासून मेट्रो थांबते. इथल्या नव्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-४९ दिसते, जुन्यांवर एमएच-३१. पंपाच्या दृष्टीने या भागाच्या दोनच गोष्टी नोंदवण्याजोग्या : उन्हाळा आणि भुसा. दोन्हींचा उल्लेख पुढे आहे.

रचना व कार्य : आजच्या बहुतेक पंपांत छोटी मोटार आणि तिच्या टोकाला कडेवर दाते असलेला इम्पेलर असतो. पेट्रोल मोटारीच्या आतून वाहते. तेच तिला थंड ठेवते आणि वंगणही पुरवते. म्हणून टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणाऱ्याचा पंप लवकर जातो. सीएनजीवर फिरणाऱ्या गाडीत पेट्रोल तळाशी असताना पंप चालू राहिला, तर त्याची तीच गत होते. टाकीत ठिणगी पडली तर काय, असे गिऱ्हाईक हमखास विचारते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते; बंद टाकीत ती एरवी त्याहून कितीतरी दाट असते. धोका असतो तो टाकी उघडल्यावर.

साध्या इंजेक्शनच्या गाडीत दाब तीन ते चार बार असतो. टर्बो असेल आणि रेग्युलेटर बूस्टशी (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाशी) जोडलेला असेल, तर जितका बूस्ट तितका दाब वर चढतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय इंजिनांत टाकीतला पंप फक्त पुढच्या यांत्रिक पंपाला पेट्रोल पोचवतो. शंभर बारच्या वरचा दाब तो दुसरा पंप तयार करतो आणि त्याला चालवतो कॅमशाफ्ट. तिथे टाकीतला पंप एका इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या ताब्यात असतो. त्याच्या जागी जास्त करंट ओढणारा पंप बसवला की आधी ते मॉड्यूल तापते, आणि बदनाम पंप होतो.

क्षमता : पाकिटावर छापलेला ‘२५५ लिटर’ हा आकडा तासाचा असतो. त्यामागे साधारण १३.५ व्होल्ट आणि पावणेतीन बार दाब गृहीत असतो, हे दुकानदार सांगत नाही. दाब वाढला की प्रवाह घटतो. ढोबळमानाने एक व्होल्ट कमी मिळाला की दहाएक टक्के घटतो. उलट बाजूने पाहता १४५ अश्वशक्तीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात तासाला सुमारे ५० लिटर पेट्रोल पुरते. ३०० अश्वशक्तीला शंभरेक. म्हणजे साध्या स्टेज-वन रिमॅपसाठी (फक्त इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवण्यासाठी) २५५ चा पंप घालणाऱ्याने गरजेच्या तिपटी-चौपटीचा पंप घेतलेला असतो. जादा पेट्रोल टाकीतच परत वळवावे लागते. पंपासोबतचा मूळ रेग्युलेटर लहान असल्याने त्याला एवढा परतावा झेपत नाही आणि आयडलिंगला दाब वर सरकतो. गाडी काळा धूर सोडते, प्लग काळे पडतात आणि दोष इंजेक्टरवर जातो.

महाराष्ट्रात बनलेल्या जोरदार गाड्या : फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेली अबार्थ पुंटो (१.४ टी-जेट, १४५ अश्वशक्ती), त्याच घराण्यातली लिनिया टी-जेट, चाकणची पोलो जीटी टीएसआय आणि शेंद्र्याला जुळवलेल्या ऑक्टाव्हिया. फियाटच्या गाड्या २०१९ च्या सुमारास बंद झाल्या, पोलो २०२२ मध्ये. गाडी बंद पडल्यावर कंपनीचे पंप-मॉड्यूल मिळणे दिवसेंदिवस कठीण होते आणि मालक बाजाराकडे वळतो. बदली भागांचा प्रश्न इथे हौसेचा राहत नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग शर्यतींत यांतल्या काही गाड्या दिसतात.

कंपन्यांची परत-बोलावणी : या विषयावर लेखी आणि तपासता येईल अशी सर्वाधिक माहिती मिळते ती मूळ भागांच्या दोषांची, म्हणून तिला इथे जागा जास्त दिली आहे. मारुतीने जुलै २०२० मध्ये १,३४,८८५ गाड्या पंप तपासण्यासाठी बोलावल्या. त्यांत १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळातल्या ५६,६६३ वॅगनआर आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मधल्या ७८,२२२ बलेनो होत्या. मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटारीतील दोषासाठी ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर पुन्हा बोलावल्या गेल्या. होंडाने २०२० आणि २०२१ मध्ये अशा मोहिमा काढल्या. ऑक्टोबर २०२४ च्या मोहिमेत सप्टेंबर २०१७ ते जून २०१८ मधल्या ९०,४६८ गाड्या होत्या.

होंडाच्या या शेवटच्या मोहिमेत आणखी २,२०४ जुन्या गाड्या धरल्या होत्या. त्या गाड्यांत प्रश्न कारखान्यातून बसवलेल्या पंपाचा नव्हता. नंतर सुटा भाग म्हणून बदललेला पंप सदोष असण्याची शक्यता होती. ‘कंपनीचा घेतला म्हणजे डोळे मिटून बसवावा’ या गॅरेजमधल्या समजुतीला याहून बोलके उत्तर सापडणार नाही.

दोषाचे कारण जगभर चर्चेत आले ते टोयोटाच्या २०२० च्या अमेरिकेतील मोहिमेमुळे. प्लॅस्टिकचा इम्पेलर कमी घनतेचा तयार झाला होता. त्यात पेट्रोल मुरले, तो फुगला आणि पंपाच्या भिंतीला घासू लागला. तिथली फट मिलिमीटरच्या अंशाची असते. सुरुवातीला गाडी झटके खाते, पिकअप मरतो, मग चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते. हे पंप बनवणाऱ्या डेन्सोसारख्या अव्वल निर्मात्याच्या मालात हे घडू शकते, तर बिननावाच्या पंपाच्या इम्पेलरविषयी खात्री कशाच्या जोरावर द्यायची, हा प्रश्न उरतोच.

नकली माल : २५५ लिटरचा वॉलब्रो पंप (आता टीआय ऑटोमोटिव्हकडे) जगात सर्वाधिक नक्कल झालेल्या पंपांपैकी एक मानला जातो. आपल्याकडे सुट्या भागांचा मोठा ओघ दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून येतो. ‘ओरिजिनल’, ‘ओईएम’, ‘लोकल’ आणि ‘फर्स्ट कॉपी’ अशी प्रतवारी काउंटरवर तोंडीच चालते. बिलावर बहुधा नुसते ‘पंप’ लिहिलेले असते. खोका पाहून निवाडा करू नये, कारण खोका छापणे सर्वांत सोपे. ठरावीक दाबाला पंप किती करंट ओढतो आणि मिनिटाला किती पेट्रोल मोजपात्रात पडते, हे दोन आकडे निर्मात्याच्या आलेखाशी ताडून पाहावेत. बारा व्होल्टवर कोरडा फिरवून ‘आवाज चांगला आहे’ म्हणण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती पंपाला घातकही आहे. वाहन-सुटे भाग निर्मात्यांची संघटना ‘असली-नकली’ नावाने जागृती मोहीम चालवते.

नळी, क्लिप, तार : प्रस्तुत नोंदकाराच्या मते बदली पंपाच्या नावावर खपणारे बहुतेक बिघाड या तीन भागांचे असतात. पाकिटातला पंप अस्सल असला, तरी त्याच्याबरोबर येणारी चार इंच नळी कोणती आहे हे कोणी वाचत नाही. एसएई जे३० मानकातील आर९ नळी इंजेक्शनचा दाब सहज झेलते, पण तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी बनवलेले नसते. आर१० नळी आतून-बाहेरून पेट्रोल सोसते. तिची किंमत कैक पट असते. टाकीतून काढलेली आर९ नळी हातात घेतली की फरक कळतो. बाहेरचे रबर मऊ पडून फुगलेले असते, नख दाबले की खूण उमटून राहते, क्लिपेच्या दोन्ही बाजूंना रबराची वरंबी चढलेली असते. आर९ ही छपाई मात्र अजून वाचता येते. अशी नळी एकदम फाटत नाही. आधी क्लिपेखाली चिरते आणि बूस्टमध्ये दाब सोडते. गाडी उभी असताना गेज सगळे ठीक दाखवते.

पेचाने आवळायच्या, खाचा असलेल्या साध्या क्लिपा रबर कापतात. सर्व बाजूंनी सारखी पकड देणारी, गुळगुळीत आतल्या कडेची क्लिप हवी. टाकीतली तारही वेगळी लागते. घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकते. झाकणातला मूळ वीजजोड चार-पाच अँपिअरसाठी बनवलेला असतो. त्याच पिनांतून दहा अँपिअर ओढले की प्लॅस्टिक तपकिरी पडते, मग वितळते आणि व्होल्टेज पडते. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड तार, फ्यूज आणि रिले घालतात. अर्थची तार मात्र जुनीच ठेवली जाते, आणि अर्धे नुकसान तिथेच होते. पंप चालू असताना, त्याच्या दोन पिनांवर मोजलेले व्होल्टेज हाच पुरावा मानावा. बॅटरीवर मोजलेले मानू नये.

जाळी : पंपाच्या तोंडाशी कापडासारखी विणलेली पिशवी. लकडगंजमध्ये शेजारी आरागिरणी चालू असताना टाकीचे झाकण उघडणे टाळावे. झाकणाभोवती साचलेला भुसा आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. फुंकणीने उडवला तर तो आतच जातो. जुनी जाळी धुऊन परत बसवू नये.

तापमान : नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. डांबरी रस्त्यावरची टाकी त्याहून तापते. तापलेल्या पेट्रोलमध्ये पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप दाब सोडतो. मोठा पंप आणि जादा परतावा असेल तर तेच पेट्रोल फिरून फिरून आणखी तापते. तळाचे पाव टाकी पेट्रोल उन्हाळ्यात वापरू नये, हा मेकॅनिकांचा सल्ला योग्य आहे.

इथेनॉल : देशात सरासरी दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, वीस टक्क्यांचा २०२५ मध्ये. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलसाठी (ई२०) भारतीय मानक आयएस १७०२१ आहे. इथेनॉल पाणी ओढते, काही रबरे फुगवते आणि पेट्रोलपेक्षा वीज जास्त वाहू देते. त्यामुळे तांब्याच्या कम्युटेटरपेक्षा कार्बनचा कम्युटेटर असलेला पंप घेणे बरे. ई२० वर त्याच ताकदीसाठी ई१० च्या तुलनेत तीन-चार टक्के जास्त इंधन लागते. जुन्या गाड्यांचे ई२० ने नुकसान होते का, यावर सरकार, कंपन्या आणि मालक यांची मते जुळत नाहीत. या धोरणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

मोटारसायकली : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींच्या टाकीतही पंप आला.

कायदा : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. बिघडलेला पंप तशाच पंपाने बदलणे हा बदल ठरत नाही. क्षमता वाढवणारा पंप कोणत्या बाजूला पडतो, यावर एकमत नाही.

टाकी रिकामी करणे : पेट्रोलियम कायदा, १९३४ ची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. पेट्रोल हे अ वर्गातले इंधन. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल विनापरवाना ठेवता येते. अबार्थ पुंटोची टाकी ४५ लिटरची आहे. ती भरलेली असताना पंप काढायला घेतला आणि पेट्रोल कॅनमध्ये उपसले, तर गॅरेज मर्यादेबाहेर जाते. शेजारी वखार असेल तर गोष्ट आणखी गंभीर. गाडी पाव टाकीवर आणायला सांगावी. झाकण उघडण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी, हॅलोजनचा हातदिवा वापरू नये.

डिझेल गाड्यांचे टाकीतले पंप या नोंदीत घेतलेले नाहीत.